एकीकडे बंदी, दुसरीकडे परवानगी: टायटॅनियम डायऑक्साइडबद्दल खरं कोण बोलतंय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका आईला आपल्या सहा वर्षांच्या मुलीच्या चघळायच्या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांवर बारीक अक्षरात 'रंग (ई १७१)' असं छापलेलं दिसलं. शोधाशोध केल्यावर कळलं की हा टायटॅनियम डायऑक्साइड आहे, युरोपीय संघाने तो अन्नात वापरायला बंदी घातली आहे, आणि अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इथे मात्र तो चालतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने तर बंदीनंतर तो पुन्हा तपासून चालेल असं सांगितलं. त्या विचारतात: 'दोघांपैकी कोणीतरी खोटं बोलतंय. कोण? आणि मी इतके महिने माझ्या मुलीला विष देत होते का?'

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून त्याचं उत्तर आधी. नाही, तुम्ही मुलीला विष दिलेलं नाही. आजवरच्या अभ्यासांत, गोळीच्या रंगातून जाते तेवढ्या मात्रेने कोणा मुलाला इजा झाल्याचं दिसलेलं नाही, आणि बंदी घालणाऱ्यांनीही तसं म्हटलेलं नाही. त्या अपराधी भावनेतून आधी बाहेर या.

आता पहिला प्रश्न. अन्नात रंग, टिकाऊपणा वगैरेंसाठी मुद्दाम घातल्या जाणाऱ्या पदार्थांच्या, म्हणजे ॲडिटिव्हच्या, सुरक्षिततेची कागदपत्रं तपासण्यात माझी वीस वर्षांहून जास्त गेली आहेत. त्या अनुभवावरून सांगते, इथे कोणीही खोटं बोलत नाहीये. दोन्ही बाजूंच्या टेबलावर जवळपास तेच अभ्यास होते. पण त्या अभ्यासांना विचारलेले प्रश्न वेगळे होते, आणि उत्तर अर्धवट मिळालं तर काय करायचं याचे कायदे वेगळे होते. हे नीट समजलं की कुठल्याही ॲडिटिव्हची बातमी तुम्हाला स्वतःला वाचता येईल. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात पदार्थापासून करू. टायटॅनियम डायऑक्साइड ही पांढरी, पाण्यात न विरघळणारी पूड. पांढरेपणात तिच्या तोडीचं फारसं काही सापडत नाही, कारण तिचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळवते त्याचं माप) फार मोठा आहे, २.५ च्या वर. प्रकाश तिच्या कणांवर आदळून सगळीकडे विखुरतो आणि डोळ्याला लख्ख पांढरं दिसतं. हे विखुरणं सर्वांत चांगलं होतं ते कण साधारण २०० ते ३०० नॅनोमीटरचे (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) असताना, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या निम्म्याच्या आसपास. म्हणून रंग बनवणारे कारखाने याच आकाराचे कण बनवायचा प्रयत्न करतात. पण पूड म्हटली की सगळे कण एका मापाचे नसतात. काही मोठे निघतात, काही लहान. जे १०० नॅनोमीटरच्याही खाली जातात त्यांना आपण नॅनो कण म्हणतो, आणि सगळा वाद या लहान टोकाला चिकटलेला आहे.

इथे एक हिशोब लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. ३०० नॅनोमीटरच्या एका कणाच्या वजनात ३० नॅनोमीटरचे १००० कण बसतात. त्यामुळे एकाच पुडीबद्दल 'वजनाने पाहिलं तर नॅनो कण अगदी थोडे आहेत' आणि 'संख्येने पाहिलं तर जवळपास निम्मे कण नॅनो आहेत' ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात. ई १७१ च्या बाबतीत नेमकं तसंच आहे. बातमी देणारा यातलं कुठलं विधान उचलतो, त्यावर तुमची झोप उडणार की नाही हे ठरतं.

अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, हा रंग १९६६ मध्ये मंजूर केला. अट एवढीच की अन्नाच्या वजनाच्या १ टक्क्यापेक्षा जास्त वापरू नये. १९६९ मध्ये अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने, म्हणजे जेक्फाने, त्याला कुठलीही आकडेबंद मर्यादा लावली नाही. त्या काळचा तर्क साधा होता: हा पदार्थ विरघळत नाही, त्यामुळे आतड्यातून शोषला जात नाही, जसा गेला तसा विष्ठेतून बाहेर पडतो. आजही या तर्काचा मोठा भाग टिकून आहे. शोषण खरोखरच फार कमी होतं. पण 'फार कमी' आणि 'शून्य' यांच्यात फरक आहे, आणि १९६९ साली तो फरक मोजायची साधनं आजच्यासारखी नव्हती. मृत्यूनंतर तपासलेल्या माणसांच्या यकृतात आणि प्लीहेत या पदार्थाचे कण अलीकडच्या काळात सापडले आहेत. शोषलं जातं ते अत्यल्प, पण जे आत जातं ते फार सावकाश बाहेर पडतं. रोज खाल्ल्या जाणाऱ्या गोष्टीच्या बाबतीत या दुसऱ्या वाक्याला वजन आहे.

आता मर्यादा कशी ठरते ते. हे गणित अवघड नाही, पण बातम्यांत ते क्वचितच सांगितलं जातं. प्राण्यांना वेगवेगळ्या मात्रेत पदार्थ खायला देतात, आणि ज्या सर्वांत मोठ्या मात्रेला काहीही अपाय दिसत नाही ती मात्रा पकडतात. मग तिला १०० ने भागतात: प्राणी आणि माणूस यांच्यातल्या फरकासाठी १०, आणि माणसामाणसातल्या फरकासाठी (लहान मूल, गरोदर बाई, आजारी माणूस) आणखी १०. हा शंभराचा आकडा एफडीएच्याच दोन शास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये मांडला. तो निसर्गाचा नियम नाही, विचार करून घेतलेली खबरदारी आहे. भागून जे येतं ते म्हणजे आयुष्यभर रोज पोटात गेलं तरी चालेल अशी मात्रा. आम्ही तिला एडीआय म्हणतो. एखाद्या दिवशी ती ओलांडली म्हणून कोणी आजारी पडत नाही, पण रोज ओलांडायची सवय लागू नये.

ई १७१ वर हे गणित करून बघा. उंदरांवर झालेल्या प्रजननाच्या मोठ्या अभ्यासात शरीराच्या प्रत्येक किलोमागे रोज १००० मिलिग्रॅमपर्यंत दिलं गेलं आणि प्रजननावर किंवा पिल्लांच्या वाढीवर परिणाम दिसला नाही. जेक्फाने २०२३ मध्ये भरपूर खाणाऱ्या गटासाठी जो वरचा अंदाज धरला तो किलोमागे रोज १० मिलिग्रॅमचा. म्हणजे बरोबर शंभर पटींचं अंतर. तुमच्या मुलीचं वजन २० किलो धरलं तर तो वरचा अंदाज रोजच्या २०० मिलिग्रॅमचा होतो. एका गोळीच्या रंगातून इतकं जाणं अवघड आहे.

मग बंदी का? इथून पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

युरोपात २००९ च्या आधीपासून चालत आलेल्या सगळ्या ॲडिटिव्हची नव्याने तपासणी करायचा कायदा झाला. मला ही व्यवस्था मनापासून पटते. एकदा मिळालेली परवानगी कायमची नसावी, कारण विज्ञान थांबत नाही. त्या फेरीत युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफ्साने, २०१६ मध्ये ई १७१ तपासला. निष्कर्ष असा: उपलब्ध माहितीत आरोग्याची चिंता दिसत नाही, पण एडीआय ठरवायला माहिती पुरेशी नाही, प्रजननाचा अभ्यास करा. (वर सांगितलेला मोठा अभ्यास याच मागणीतून झाला.) पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, फ्रान्सच्या सरकारी कृषी संशोधन संस्थेचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उंदरांना पाण्यातून रोज किलोमागे १० मिलिग्रॅम ई १७१ शंभर दिवस दिलं, तेव्हा सुमारे ४० टक्के उंदरांच्या मोठ्या आतड्यात कर्करोगाच्या आधीच्या पायरीवर दिसतात तशा पेशींच्या विकृती आढळल्या. हा कर्करोग नव्हे. अशा विकृती पुष्कळदा तिथेच थांबतात. शिवाय प्राण्यांना खाद्यात मिसळून दिलेल्या नंतरच्या एका अभ्यासात तसं काही दिसलं नाही. पण फ्रान्सने वाट पाहिली नाही. १ जानेवारी २०२० पासून तिथे ई १७१ असलेलं अन्न विकणं स्थगित झालं.

मे २०२१ मध्ये एफ्साचा नवा निष्कर्ष आला. त्याची शब्दरचना जपून वाचा: ई १७१ अन्नातला ॲडिटिव्ह म्हणून 'यापुढे सुरक्षित मानता येत नाही'. 'असुरक्षित आहे' असं वाक्य त्यात नाही. कारण दिलं ते डीएनएला इजा होण्याची शक्यता नाकारता येत नाही हे. मग जानेवारी २०२२ मध्ये बंदीचा नियम आला आणि सहा महिन्यांची मुदत संपून ऑगस्ट २०२२ पासून युरोपीय संघात हा रंग अन्नातून गेला.

'शक्यता नाकारता येत नाही' एवढ्यावर बंदी? पुष्कळांना हे अति वाटतं. पण त्यामागे विषशास्त्राचा एक जुना नियम आहे. बहुतेक विषांना उंबरठा असतो. त्याच्या खाली शरीर निभावून नेतं, आणि म्हणूनच वरचं भागाकाराचं गणित चालतं. पण जो पदार्थ थेट डीएनएला इजा करतो त्याच्यासाठी आम्ही उंबरठा गृहीत धरत नाही. एका पेशीतला एक बिघाडही तत्त्वतः पुढे वाढू शकतो. उंबरठाच नसेल तर शंभराने भागायचं कशाला? त्यामुळे डीएनएच्या इजेचा संशय मिटत नाही तोवर एडीआय ठरवता येत नाही, आणि एडीआय नाही तर युरोपच्या चौकटीत परवानगी टिकत नाही. एफ्सासमोर दुसरा मार्ग होता तो 'अमुक आकाराच्या वरचे कण निर्धोक, त्याखालचे नकोत' अशी रेघ मारण्याचा. तशी रेघ मारायलाही पुरावा मिळाला नाही.

आता दुसरी बाजू. कॅनडाच्या आरोग्य विभागाने जून २०२२ मध्ये तेच अभ्यास पाहून सांगितलं की अन्नातला टायटॅनियम डायऑक्साइड चिंतेचा विषय आहे असा निर्णायक पुरावा नाही. त्याच वर्षी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या संयुक्त अन्न मानक संस्थेने तसंच म्हटलं. ब्रिटनच्या तज्ज्ञ समित्यांनाही एफ्साचा निष्कर्ष पटला नाही. आणि २०२३ च्या शेवटी जेक्फाने १९६९ चा आपला निर्णय कायम ठेवला. जेक्फाचा मुख्य मुद्दा भक्कम आहे: दोन वर्षांच्या अभ्यासात उंदरांच्या मोठ्या जातीला किलोमागे २५०० मिलिग्रॅम आणि छोट्या जातीला ७५०० मिलिग्रॅमपर्यंत रोज खायला दिलं, तरी कर्करोग झाला नाही. डीएनएला इजा करणारा पदार्थ एवढ्या मात्रेत, एवढ्या काळात कुठेतरी गाठ उभी करेल अशी अपेक्षा असते.

यावर एफ्साचं म्हणणंही ऐका. तो अभ्यास १९७९ साली प्रसिद्ध झालेला. त्यात वापरलेल्या पुडीतल्या कणांचे आकार मोजलेले नाहीत. नॅनो कण किती होते हे माहीतच नसेल, तर त्या अभ्यासावरून नॅनो कणांबद्दल काय म्हणायचं?

इथे मी माझा एक अनुभव सांगते, कारण तो या वादाच्या गाभ्याशी जातो. काही वर्षांपूर्वी एका वेगळ्याच न विरघळणाऱ्या ॲडिटिव्हची फाइल माझ्याकडे आली. अभ्यास बारा-तेरा, सगळे नीट बांधलेले, निष्कर्ष स्वच्छ. दोन दिवस वाचल्यावर लक्षात आलं की चाचणीत वापरलेल्या मालाची कणमापनाची नोंद एकाही अहवालात नाही. प्रयोगशाळेला विचारलं तर उत्तर आलं की पुरवठादाराने जो नमुना पाठवला तो वापरला. पुरवठादाराला विचारलं तर कळलं की मधल्या काळात दळण्याची पद्धत बदलली होती. म्हणजे बाजारात जाणारी पूड चाचणीतल्या पुडीपेक्षा बारीक होती. नाव तेच, शुद्धता तीच, रासायनिक सूत्र तेच. पण कण वेगळे. त्या दिवशी मला वाईट वाटलं ते याचं की कोणी लबाडी केली नव्हती. नियमात कणाचा आकार मागितलेलाच नव्हता, म्हणून कोणी दिला नव्हता. मी ती फाइल परत पाठवली आणि तेव्हापासून कुठलीही फाइल उघडली की पहिला प्रश्न एकच विचारते: चाचणी नेमकी कशावर झाली?

ई १७१ च्या डीएनए-चाचण्यांना हाच प्रश्न विचारला की चित्र गुंतागुंतीचं होतं. पुष्कळ चाचण्या अन्नातल्या रंगावर झालेल्याच नाहीत. त्या वेगळ्या कामासाठी मुद्दाम बनवलेल्या निव्वळ नॅनो पुडीवर झाल्या. कण पाण्यात टाकले की त्यांच्या गुठळ्या होतात, म्हणून प्रयोगशाळेत अल्ट्रासाउंडच्या लहरींनी त्या गुठळ्या फोडल्या जातात. गोळीच्या किंवा मिठाईच्या आवरणात कोणी असं करत नाही. तिथे कण एकमेकांना, प्रथिनांना आणि पिठाला चिकटलेले असतात. कॅनडा आणि जेक्फा यांनी अशा चाचण्यांना कमी वजन दिलं. एफ्साने त्या गणतीत घेतल्या, कारण ई १७१ मध्येही नॅनो कण आहेतच आणि पोटात गेल्यावर गुठळ्या फुटणारच नाहीत याची खात्री कोण देणार?

दुसरीकडून, धीर देणाऱ्या चाचण्यांतही खोट आहे. डीएनएच्या इजेसाठी पहिली म्हणून जी जिवाणूंवरची एम्स चाचणी केली जाते, ती नॅनो कणांसाठी फारशी उपयोगाची नाही. कण जिवाणूच्या भिंतीतून आत जाऊ शकत नाहीत, आणि आत गेलेच नाहीत तर इजा कशी दिसणार? त्यामुळे 'एम्स चाचणीत निर्दोष' हे वाक्य या पदार्थाबाबत रिकामं आहे. मी ते अजून विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत पाहते तेव्हा मला राग येतो.

म्हणजे चाचण्यांची एक थप्पी चुकीच्या पदार्थावरची, दुसरी चुकीच्या पद्धतीची, तिसरी कण न मोजता केलेली. अशा ढिगावरून निकाल द्यायचा झाला की तुमचा कायदा काय सांगतो ते निर्णायक ठरतं.

युरोपच्या २००८ च्या ॲडिटिव्ह कायद्यात परवानगीसाठी तीन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात: सुचवलेल्या मात्रेत आरोग्याची चिंता नाही, वापराची खरीखुरी तांत्रिक गरज आहे जी दुसऱ्या वाजवी मार्गाने भागत नाही, आणि ग्राहकाची दिशाभूल होत नाही. शंका उरली तर ती परवानगी मागणाऱ्याच्या विरुद्ध जाते. इतर ठिकाणी, विशेषतः जो पदार्थ पन्नास वर्षं वापरात आहे त्याच्याबाबत, काढून टाकण्यासाठी इजेचा काहीतरी ठोस पुरावा लागतो. तिथे शंका उरली तर चालू व्यवस्था कायम राहते. एकाच अर्धवट पुराव्यावरून दोन प्रामाणिक माणसं दोन टोकांना पोहोचतात ती अशी.

कायद्याच्या शब्दांमुळे याच्या उलटही घडतं. अमेरिकेच्या १९५८ च्या कायद्यात डिलेनी कलम आलं, आणि १९६० मध्ये रंगांसाठीही तसंच कलम झालं: माणसात किंवा प्राण्यात कर्करोग करणारा रंग मंजूर करता येत नाही, मग मात्रा कितीही लहान असो. जानेवारी २०२५ मध्ये एफडीएने रेड नंबर ३ हा लाल रंग याच कलमाखाली अन्नातून काढला. नर उंदरांत त्याने जो कर्करोग होतो तो उंदरांच्या संप्रेरकांच्या खास यंत्रणेमुळे होतो आणि माणसात ती यंत्रणा तशी चालत नाही, हे सांगूनच काढला. म्हणजे तिथे विज्ञान 'धोका दिसत नाही' म्हणत होतं आणि कायदा 'तरी काढा' म्हणत होता. म्हणून 'बंदी घातली' या दोन शब्दांवरून धोका किती ते कळत नाही. कुठल्या कलमाखाली घातली, हे बघावं लागतं.

गरजेच्या मुद्द्यावर मात्र मला थांबायचं आहे, कारण माझं स्वतःचं मत तिथे बनतं. मांसाच्या पदार्थांत घालतात त्या सोडियम नायट्राइटचं उदाहरण घ्या. त्याच्यावरचे आक्षेप ई १७१ पेक्षा जास्त ठोस आहेत, कारण त्यापासून नायट्रोसअमाइन बनू शकतात आणि त्यांतले काही कर्करोग करतात. तरी युरोपने त्याच्यावर बंदी घातली नाही, मर्यादा खाली आणल्या. कारण नायट्राइट बोट्युलिझमचा (अन्नातून होणाऱ्या एका जीवघेण्या विषबाधेचा) जिवाणू रोखतं, आणि त्या जिवाणूचं विष माणूस मारतं. तिथे एका पारड्यात खरा जीव आहे. टायटॅनियम डायऑक्साइडच्या पारड्यात काय आहे? पांढरेपणा. तो अन्न टिकवत नाही, पोषण देत नाही, जंतू मारत नाही. ज्याचा फायदा फक्त डोळ्यांना आहे, त्याच्याबाबत थोडी शंकाही मला जड वाटते.

औषधांचा मुद्दा म्हणूनच वेगळा आहे, आणि युरोपनेही तो वेगळा ठेवला. औषधांच्या गोळ्यांच्या आवरणात टायटॅनियम डायऑक्साइड प्रकाशाने खराब होणाऱ्या औषधाचं रक्षण करतो. तो एका रात्रीत काढायचा तर हजारो औषधं नव्याने बनवून, नव्याने तपासून घ्यावी लागतील, आणि मधल्या काळात रुग्णांना औषध मिळणार नाही. म्हणून अन्नात बंदी घालणाऱ्या नियमानेच औषधांत तो तात्पुरता चालू ठेवला. पुष्कळ लोक याला दुटप्पीपणा म्हणतात. मला ते न्याय्य वाटतं: पारड्यात काय आहे ते बदललं की निकाल बदलायलाच हवा.

एक गैरसमज जाता जाता दूर करते. 'टायटॅनियम डायऑक्साइड कर्करोगकारक' असं जे फिरत असतं ते आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २ब, म्हणजे 'कर्करोगकारक असण्याची शक्यता', या वर्गावरून. तो वर्ग पूड श्वासातून आत जाण्याबद्दल आहे, उंदरांच्या फुप्फुसात धूळ साचवून केलेल्या प्रयोगांवर आधारलेला. कारखान्यात पोती रिकामी करणाऱ्या कामगाराने त्याची काळजी करायलाच हवी. गोळी चघळणाऱ्या मुलीशी त्याचा संबंध नाही. युरोपने या पुडीला श्वासातून धोका म्हणून दिलेलं वर्गीकरणही तिथल्या न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये रद्द केलं. कारणांत एक होतं ते कणांच्या घनतेचा हिशोब नीट न धरल्याचं. पुन्हा तेच, कण!

माझी बाजू कोणती, असं कोणी विचारलं तर सांगते. अन्नात रंग म्हणून याची गरज मला पटत नाही, त्यामुळे युरोपचा निर्णय मला योग्य वाटतो. पण त्यासाठी एफ्साने निव्वळ नॅनो पुडीवरच्या अभ्यासांना दिलेलं वजन मला जास्त वाटतं. आणि जेक्फाचा निष्कर्ष वैज्ञानिकदृष्ट्या पेलणारा असला तरी 'एडीआय निर्दिष्ट नाही' (म्हणजे आकड्यात मर्यादा घालायची गरज दिसली नाही) हे त्याचं पारिभाषिक वाक्य बाहेर 'कितीही खा' असं वाचलं जातं, याचा मला त्रास होतो. त्याच समितीने न विरघळणाऱ्या कणांच्या डीएनए-चाचण्यांच्या पद्धती अपुऱ्या असल्याचं मान्य केलं आहे, हे कोणी सांगत नाही. जिथे हा रंग चालू राहणार आहे तिथे मला एक गोष्ट सक्तीची हवी आहे: मालाच्या प्रत्येक प्रकारासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेला कणांचा आकार. एफ्साने २०१९ मध्येच सुचवलं होतं की १०० नॅनोमीटरखालचे कण संख्येने निम्म्याहून कमी असावेत आणि हे मालाच्या अधिकृत वर्णनात लिहावं. शिसं, आर्सेनिक, पारा किती चालेल हे त्या वर्णनात दशकानुदशकं आहे. कण किती बारीक असावा हे मात्र नव्हतं.

तुमच्या मुलीपुरतं बोलायचं तर गोळ्या बदला, पण घाईने फेकून देऊ नका. डॉक्टरांनी कमतरता पाहून दिल्या असतील तर आधी त्यांच्याकडून रंग नसलेला पर्याय लिहून घ्या, मग बदला. जीवनसत्त्वाची खरी कमतरता ही सिद्ध झालेली हानी आहे, हा रंग अजून तरी नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं दुसरं कुठलंही औषध केवळ आवरणातल्या ई १७१ मुळे थांबवू नका. वेष्टनावर तो 'ई १७१', 'आयएनएस १७१' किंवा नुसतं 'टायटॅनियम डायऑक्साइड' असा दिसेल, आणि टूथपेस्टवर 'सीआय ७७८९१' असा. मुलं टूथपेस्ट गिळतात, म्हणून तेही बघून ठेवा. मुख्य म्हणजे च्युइंगगम, चकचकीत आवरणाच्या गोळ्या, केकवरचं पांढरं आवरण यांतून मुलांच्या पोटात तो जास्त जातो. ते कमी केलं तर साखरही कमी होईल, आणि साखरेच्या हानीबद्दल कुठल्याच समितीचं दुमत नाही.

'टायटॅनियम डायऑक्साइड नाही' असं मोठ्या अक्षरात छापलेला माल दिसला तर त्याच्या जागी काय घातलंय तेही वाचा. बहुतेक वेळा कॅल्शियम कार्बोनेट किंवा स्टार्च असतो, आणि ते बरे पर्याय आहेत. पण पांढरेपणासाठी कॅल्शियम कार्बोनेट दळून बारीक केला जात असेल, तर माझा प्रश्न त्यालाही तोच राहील. तो आम्लात विरघळतो, हा त्याचा मोठा गुण. जठरात पोहोचल्यावर कण उरतच नाही, किंवा फार थोडा उरतो.

माझं मत कशाने बदलेल तेही सांगते. अन्नात प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या ई १७१ वर, कण मोजून, खाद्यात मिसळून, आतड्याच्या आणि यकृताच्या पेशींतल्या डीएनएची तपासणी करणारे दोन-तीन स्वतंत्र अभ्यास स्वच्छ आले, तर मी एफ्साला निष्कर्ष पुन्हा तपासायला सांगेन आणि माझी शंका मागे घेईन. त्याच अभ्यासांत इजा दिसली, तर औषधांतली सवलतही लवकर संपवा असं म्हणणाऱ्यांत मी असेन. तोवर तुमच्या हातातली ती बाटली संपेपर्यंत मुलीने गोळ्या खाल्ल्या, तरी मला तिची चिंता वाटणार नाही.